पितृपक्षातला सिनेमा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि तो आता सांगण्याच्या पलीकडे गेला. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. देवापुढे बसते तेव्हासुद्धा इतर सगळं कबूल करून हा तेवढा भाग गाळते. त्याला ठाऊक असणारच — मग उगीच त्याचा वेळ कशाला घ्या?

आधी सोपं सांगते. एक मूर्खपणा मी पंधरा वर्षं चारचौघांत हसत हसत सांगत आले आहे. माझ्या पुतणीने मला तिच्या सिनेमात नायिकेचं काम देऊ केलं होतं आणि मी ते नाकारलं. का? तर खताच्या गोण्यांच्या पोशाखात मी जाड दिसेन म्हणून! बारशांत, डोहाळजेवणांत, कर्जतच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत — कुठे कुठे म्हणून मी हा किस्सा रंगवला नाही? लोक पोट धरून हसतात. मीही हसते. पण त्या किश्शाखाली दुसरं काही ठेवलेलं आहे, आणि किस्सा हे त्यावरचं झाकण आहे. ते आज उचलते. जरा वेळ लागेल. झाकण घट्ट बसलंय.

मी कडावची. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे घरात, दारात, एसटीत मी सगळ्यांची ‘बाई’. सख्खी जाऊसुद्धा मला बाईच म्हणते. आणि तेव्हाची ती बाई — बावन्न वर्षांची, म्हणजे आताच्या माझ्या मानाने पोरच — काय तिचा थाट! कडक इस्त्रीचं सुती पातळ, पर्समध्ये लाल पेन, सुट्टीच्या दिवशीही. शाळेच्या गॅदरिंगची नाटुकली बसवायची. एकदा तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत परीक्षकांच्या टेबलाशी बसली होती — परीक्षक म्हणून नव्हे हं, खुर्ची रिकामी होती म्हणून. पण तेवढ्यावर कला म्हणजे काय ते कडावात एकट्या आपल्यालाच कळतं अशी तिची पक्की खात्री. आज ती समोर आली तर मी तिला बाकावर उभी करीन.

पुतणी म्हणजे वैजू, माझ्या धाकट्या दिराची मुलगी. लग्नांचं शूटिंग करायची. बाई माणूस कॅमेरा घेऊन आलं की हळदीला बाया मोकळ्या नाचतात, म्हणून कर्जतपासून खालापूरपर्यंत तिला बोलावणी असायची. लग्नसराईत इतरांच्या सुना टिपायच्या आणि उरलेल्या दिवसांत स्वतःचं काहीतरी करायचं, असं तिचं चाललेलं. आणि एका वर्षी तिने जाहीर केलं की ती सिनेमा काढणार. परग्रहाचा!

आमच्याकडे भाताचं बी टाकण्याआधी राब भाजतात. खाचरात डहाळ्या, पाला, शेण, पेंढा पसरायचा, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवून द्यायचं. उन्हाळ्यात बघा येऊन — जमीन काळीठिक्कर, वर निळसर धूर, पायाखाली गरम राख. आम्ही जन्मभर त्यातून चाललो आणि आम्हाला फक्त राब दिसला. वैजूला दुसरा ग्रह दिसला. या एका गोष्टीसाठी तरी तेव्हा तिची पाठ थोपटायला हवी होती, नाही का? मी म्हणाले, “डोळे तपासून घे.”

गोष्ट तिने मला आमच्या ओटीवर बसून सांगितली होती. एक बाई मेलेल्या ग्रहावर एकटी उरली आहे. तिच्याकडे मूठभर भात आहे. जमीन थंडगार, राब भाजल्याशिवाय काही रुजणार नाही, आणि जाळायला ना झाड ना पेंढा. मग ती आपल्या यानातल्या एकेक वस्तू आणून जाळते. शेवटी बी टाकते. उगवतं की नाही — ते तिने मला सांगितलं नाही. “ते बघायलाच तर यायचं, काकी,” म्हणाली.

ही बाई मी व्हावं असं तिला वाटत होतं. मी पोशाख पाहिला — युरियाच्या गोण्या उलट्या करून शिवलेला, डोक्याला पाण्याचा मोठा जार कापून केलेलं शिरस्त्राण — आणि जाड दिसेन म्हणून नाही म्हणाले. मग तो पोशाख शिवणारीच त्यात शिरली. म्हणजे वैजूची आई. शालू. माझी धाकटी जाऊ.

शालू चौथी शिकलेली. ब्लाउज शिवायची आणि शेत बघायची. माझ्यापुढे खुर्चीवर बसायची नाही. दोन उन्हाळे ती त्या गोण्या घालून भर उन्हात राखेत चालली. बंद पडलेल्या टेंपोला चंदेरी कागद चिकटवून यान केलं होतं, त्यातून शंभरदा उतरली. मी बांधावर छत्री घेऊन उभी राहायची आणि टोमणे मारायची. “शालू, ग्रहावरून येताना कोथिंबीर आण गं.” ती जाराच्या आतून हसायची. जारावर वाफ धरायची.

सिनेमा झाला. वैजू म्हणाली, पुण्याला एका महोत्सवात पाठवायचाय, पण आधी गावाला दाखवणार. तिचं म्हणणं साधं होतं आणि ते तिने आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं — गावाने बघितला तर पाठवते आणि लगेच दुसरा धरते. गावाने नाही बघितला, तर कॅमेरा लग्नांपुरता. परत हे नाव काढायचं नाही. पोरगी शब्दाची पक्की. हे मला ठाऊक होतं. हे मला चांगलं ठाऊक होतं, हे इथे लिहून ठेवते.

कर्जत रस्त्यावरचा मंगल कार्यालयाचा हॉल मिळाला तो पितृपक्षात. त्या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, हॉल ओस पडलेला. गावात कुजबुज झालीच — “पितरांच्या दिवसांत पिक्चर? बघायला पितर येनार हायत का?” तरी झाडून सगळे आले. वेळ दुपारी तीनची. भात निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, शेतात काम नव्हतं. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या, नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर दोन चादरी जोडून पडदा केला आणि हळदीच्या डीजेचे खोके दोन बाजूंना ठेवले. मी पहिल्या रांगेत बसले. अर्थातच. शालू मागे, बायांच्या घोळक्यात जमिनीवर. आणि वैजू बाहेर! प्रोजेक्टर चालू करून दिला आणि ती मागच्या दाराने निघून गेली. “मला नाय बघवायचं,” म्हणाली.

सुरुवातीला हसले लोक. ते खोटं कशाला सांगू? शालू यानातून उतरली तसा मागून आवाज आला, “अरं, हा आपल्या पान्याचा जार!” दुसरा म्हणाला, “वयनी, झाकन लावा, पानी सांडंल!” पोरांनी शिट्ट्या मारल्या. परग्रहाच्या क्षितिजावरून एक कुत्रं निवांत चालत गेलं — ते वैजूच्या नजरेतून सुटलं होतं — तर अख्खा हॉल फुटला. “कुत्रा बी न्हेलाय गं ग्रहावर!” आणि ओळखीचे बांध दिसू लागले तेव्हा तर काय, “ही आपली वरची खाचरं,” “तो बघ आमचा आंबा.” मी मान वळवून लोकांकडे बघत होते. मला — कसं सांगू — बरं वाटत होतं.

मग हसणं हळूहळू थांबलं. कधी थांबलं ते कळलंच नाही. पडद्यावर शालू यानातली खुर्ची मोडत होती. काड्या राखेवर रचत होती, पेटवत होती, वाऱ्याने विझत होतं. पुन्हा रचत होती. संवाद नाही, संगीत नाही, नुसता तिचा जाराच्या आतला श्वास. मग तिने आपली चादर आणली. मग चपला. मग एक फोटो आणला, थोडा वेळ धरला, तोही ठेवला. हॉलमध्ये मूलसुद्धा रडत नव्हतं.

आता तुम्हाला सावड सांगायला हवी. राब, आवणी म्हणजे भाताची लावणी, कापणी — ही कामं आमच्याकडे एकट्याची नसतात. आज तुझ्या खाचरात सगळ्या, उद्या माझ्या. हाक मारायची आणि दुसरीने यायचं, याला सावड म्हणतात. एकटीने राब भाजणारी बाई आमच्या बायांनी आयुष्यात पाहिलेली नव्हती. जिच्यावर गावाने बहिष्कार टाकलाय किंवा जिचं सगळं माणूस संपलंय तीच एकटी भाजेल. आणि इथे ती बाई म्हणजे त्यांची शालू.

मागून एक म्हातारी उठली. पडद्याकडे हात करून ओरडली, “अगं शालू, एकली कशाला भाजतेस गं? आमी मेलो काय?”

आणि मग सगळ्याच. “हाक मार की गं!” “थांब, नको टाकू ते, माझ्याकडला पेंढा घे!” “आलो गं आमी, थांब जरा!” उभ्या राहिल्या, पदर खोचलेल्या. कुणी रडतंय, कुणी पडद्यावरल्या शालूला रागावतंय, आणि खरी शालू त्यांच्या मधोमध बसून “अगं मी हितं हाय, हितं हाय” म्हणत डोळे पुसतेय. एवढा गोंगाट — पत्र्याचं छत घुमत होतं.

मी पहिल्या रांगेत. माझ्या मागे हे चाललेलं.

तुम्हाला वाटेल मी भारावले. भारावलेही असेन. पण त्याच्या आधी एक विचार आला, अगदी स्पष्ट आला — यांतली एकही बाई मला अशी हाक मारणार नाही. माझ्या शेतावर बाया यायच्या त्या मजुरीने. सावडीला कुणी आलं नाही, कारण मी कधी कुणाच्या बांधावर उतरलेच नव्हते. नमस्कार भरपूर मिळायचे. बाई बसा, बाई चहा घ्या. पण मी त्या पडद्यावर असते — आणि ती जागा आधी मला देऊ केली होती ना? — तर हे सगळे नुसते गप्प बसून बघत राहिले असते. शालूला जे मिळत होतं ते नाकारलेल्या भूमिकेमुळे माझं गेलं नव्हतं. ते माझं कधी नव्हतंच. हे त्या एका क्षणात कळलं आणि सहन झालं नाही.

मी उठले आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

वैजू तिथेच होती, लग्नाची पातेली घासतात त्या मोरीच्या कट्ट्यावर, गुडघे पोटाशी घेऊन. आतला आवाज बाहेर येत होता, पण पत्र्यामुळे शब्द कळत नव्हते. नुसता गलका, आरडाओरडा. तिने माझ्याकडे वर पाहिलं. चेहरा पांढरा पडलेला.

“काकी, काय झालं गं? काय वरडतायत?”

आणि मी म्हणाले —

किती सोपं होतं ते. मी काही ठरवून आले नव्हते. इतकं खोटं बोलायला निदान श्वास तरी अडायला हवा होता, तोही अडला नाही.

मी म्हणाले, “हसतायत गं.”

आणि तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “मनाला लावून घेऊ नको बाळा,” म्हणाले, “गावाला काय कळतंय?” माझा हात मायेचा होता, हे मला आजही आठवतं. त्यात खोटेपणा नव्हता. हेच सगळ्यात वाईट आहे की काय, ठाऊक नाही.

ती उठली. मला वाटलं कुठेतरी जाऊन रडेल. ती सरळ आत गेली आणि तिने प्रोजेक्टरची वायर ओढली.

पडद्यावर अंधार. शालू बी टाकायला वाकली होती — तिथेच संपलं. आणि मग जो काही ओरडा झाला! “लाव गं!” “पुढं काय झालं?” “उगवलं का?” वैजू वायर गुंडाळत होती. तिच्या कानांवर ते सगळं हसण्यासारखंच पडत होतं. मीच तिचे कान तसे करून दिले होते ना.

त्या संध्याकाळी घरी शालूने तिला परोपरीने सांगितलं. “अगं पोरी, हसत नव्हत्या. मला हाका मारत होत्या. सावडीला येतो म्हणत होत्या.” वैजू म्हणाली, “आये, तू भोळी हायस.” मग शालू माझ्याकडे वळली. आयुष्यात कधी माझ्याकडे काही न मागितलेली बाई. म्हणाली, “बाई, तुमी सांगा ना हिला. तुमचं ऐकंल ती.”

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

एका वाक्याचं काम होतं. ‘वैजू, मी खोटं बोलले.’ तिसरीच्या मुलाला मी असं वाक्य शंभरदा बोलायला लावलं आहे, कान धरून. मी पदर सारखा केला. “झालं ते झालं,” म्हणाले, “चहा टाक शालू.” आणि शालूने चहा टाकला.

महोत्सवाची तारीख उलटून गेली. सिनेमा एका डबीत बंद झाला. वैजूने दुसरा कधी काढला नाही. तिचं वाईट झालं असंही नाही — लग्न झालं, खोपोलीत स्वतःचा स्टुडिओ आहे, लग्नांची कामं उत्तम करते, अल्बम बघाल तर डोळे निवतील. पण राखेत ग्रह बघणारी ती नजर पुढे कुठे दिसली नाही. तिने शब्द पाळला. मी सांगितलंच, पोरगी शब्दाची पक्की.

आणि गाव? गावाने अजून सोडलेलं नाही. शेवट कुणी पाहिलेलाच नाही ना. शालू दळण घेऊन निघाली की अजून कुणीतरी विचारतं, “शालू, उगवलं का गं त्ये?” शालू म्हणते, “पोरीला विचारा.” पोरगी माहेरी आली की तिलाही विचारायच्या, मनापासून विचारायच्या, आणि तिला वाटायचं चिडवतायत. मग तिने यायचंच कमी केलं. दरवेळी मी ओटीवर असायची. दरवेळी ऐकायची. पंधरा वर्षं म्हणजे किती वेळा, सांगा?

मी आता सदुसष्ट वर्षांची आहे. चेष्टेखोर म्हातारी म्हणून आसपास नाव आहे. नातवंडांच्या चपला लपवते, जावयांना करवंदं म्हणून कवठी चाफ्याच्या कळ्या देते, सगळे हसतात. त्या दिवशी मी कुणाची चेष्टा केली असंही म्हणता येत नाही. चेष्टेत समोरच्याला शेवटी कळतं.

गेल्या आठवड्यात वैजू आली होती. तिच्या मुलीला ती जुनी डबी सापडलीय. पोरीने सिनेमा कॉम्प्युटरवर चढवला, पूर्ण पाहिला, आणि आता तिला तो मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असा नेटवर टाकायचाय. वैजूने अजून हो म्हटलेलं नाही. माझ्यापुढे फोन धरला आणि म्हणाली, तू बघ, मग सांग. मी काय उत्तर दिलं? “चष्मा नाही गं आत्ता,” म्हणाले. चष्मा माझ्या कपाळावर होता. तिने तो पाहिला असेल. फोन माझ्या मांडीवर ठेवला, माझ्या शेजारी ओटीवर बसली आणि जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

“सावकाश बघ, काकी. आई तर टाक म्हननारच, ती आई हाय. तू म्हनशील तसं करीन. त्या दिवशी अख्ख्या गावात तू एकटीच माझ्याशी खरं बोललीस.”